अंगण खरंच वाकडं आहे

कुठकुठचं भंगार जालन्याच्या एमआयडीसीत येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसतं. मोडक्या पत्र्यालाही इथं पुनर्जन्म आहे. अशा गावात एका दुकानदारानं माझ्या पुतण्याला थंडपणे सांगितलं, ‘ह्याचं काही होत नसतं भाऊ, नवा घ्या.’

‘हा’ म्हणजे पीएस-फोर या गेमिंग कन्सोलचा जुना कंट्रोलर. दोष एवढाच, की डाव्या स्टिकला हात न लावताही खेळाडू डावीकडं निघतो आणि भिंतीला डोकं लावून चालतच राहतो. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून आपण पोरांना हिणवतो. इथं अंगण खरंच वाकडं असतं.

कारण काही गहन नाही. स्टिकला दोन पोटेंशिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा, तोच प्रकार. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते, पट्टी झिजते, मधलं माप सरकतं आणि कंट्रोलरला वाटतं, कुणीतरी ढकलतंय.

घासलं की झिजणारच, हे कंपन्यांना कळत नाही असं थोडंच आहे? सेगानं १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या स्टिकमध्ये चुंबक आणि त्याची हालचाल टिपणारे हॉल सेन्सर बसवले होते. काही घासायचंच नाही, तर झिजेल काय! निन्टेंडोची तऱ्हा निराळी. ‘मारिओ पार्टी’ या गेममध्ये स्टिक तळहातानं गरगर फिरवून पोरांच्या हाताला फोड आले, प्रकरण न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलपर्यंत गेलं, आणि २००० साली तडजोडीत कंपनीनं हातमोजे वाटायचं कबूल केलं. हातमोजे! पुढं त्यांच्याच स्विच कन्सोलच्या स्टिक भरकटल्या, तेव्हा २०२० मध्ये अध्यक्षांनी माफी मागितली. २०२५ मध्ये स्विच-टू आला, त्यातही हॉल सेन्सर नाहीच. चुंबकापेक्षा माफी स्वस्त पडत असावी.

आपलं सरकारही मागं नाही. २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू झालं. हक्क मिळाला, आता पार्ट तेवढा मिळायचा आहे. दुकानात स्टिक मागितली की अख्खा कंट्रोलर पुढं करतात.

शेवटी काम झालं ते जुन्या जालन्यातल्या एका मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीत. पार्ट शंभर-दोनशेचा, पण चौदा ठिकाणी कथिलानं पक्का बसवलेला. जुनं कथील निघावं म्हणून कारागिरानं आधी त्यावर नवं चढवलं, मग एकेक टाका तापवून सकरनं ओढून घेतला. ग्राउंडची पिन शेवटपर्यंत हटेना, कारण बोर्डाचं तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. जोर लावावा तर बोर्डावरची रेघच उखडायची. तो जोर लावत नव्हता. गिऱ्हाइकांचे फोन वाजत होते, तिकडं बघतही नव्हता.

आता खेळाडू जागेवर उभा राहतो. पुतण्या मात्र नाराज आहे. हरल्यावर स्टिकला दोष देता येत नाही. ही तक्रार पोर्टलवर कुठल्या रकान्यात भरायची, विचारतोय.