वरून हवं, खाली नको

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला साठ पायऱ्या चढून गेलं की मुरुगन भेटतो, म्हणजे आपला कार्तिकेय. ओंकाराचा अर्थ मुलाने सांगितला आणि महादेवाने शिष्य होऊन ऐकला, अशी इथली कथा. केंद्र-राज्य संबंधांवर याहून नेमकं काय सांगायचं?

तमिळनाडूने हा धडा दिल्लीला खरोखर दिला आहे. १९६२ मध्ये द्रमुकचे नेते अण्णादुराई राज्यसभेत वेगळा द्रविडनाडू मागत होते. १९६३ मध्ये त्यांच्या पक्षाने ती मागणी सोडली. त्यामागे फुटीरतेला आळा घालणाऱ्या सोळाव्या घटनादुरुस्तीचा धाक होताच, पण नुसत्या धाकाने मनं जुळत नाहीत. १९६५ मध्ये हिंदीसक्तीविरुद्ध राज्य पेटलं, १९६७ मध्ये तोच पक्ष मतपेटीतून सत्तेवर आला, त्याच वर्षी इंग्रजी चालू ठेवण्याची हमी कायद्यात आली. भाषा शाबूत, राज्य हाती. मग फुटायचं कशाला? सत्ता वाटली की देश तुटतो म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

म्हणून १९७४ चा विधानसभेचा स्वायत्ततेचा ठराव रास्त होता. एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री असताना स्टालिन यांनी केंद्र-राज्य संबंधांवर नेमलेली न्या. कुरियन जोसेफ समितीही रास्तच.

पण स्वामीमलैच्या वाट्याला काय आलं? तमिळनाडूतल्या स्थानिक संस्थांची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली. इथल्या नगर पंचायतीसाठी मतदान झालं १९ फेब्रुवारी २०२२ ला. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं घटनेत स्पष्ट लिहिलेलं असताना! प्रभागरचना, आरक्षण, कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या आणि पाच वर्षांहून जास्त काळ गटार तुंबलं तरी जाब विचारायला निवडून दिलेला माणूस नव्हता. आणि या गावची माणसं कशी? मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीची माती लिंपायची, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, ही इथल्या स्थपतींची पिढीजात विद्या. दिल्लीच्या भारत मंडपमसमोरचा २७ फुटी नटराज त्यांनीच घडवला. एवढ्या जोखमीचं काम ज्यांच्यावर सोपवता येतं, त्यांना गावचा कारभार सोपवता येत नाही?

आपण महाराष्ट्रातलेही शहाणे नाही. स्वामीमलैला नगरसेवक मिळाले आणि पुढच्याच महिन्यात मुंबईचे गेले. मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाने चालवली. त्याच मार्चमध्ये प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतला, तोही विधिमंडळात एकमुखाने.

दिल्लीशी जरूर भांडा. कराचा वाटा मागा, भाषेसाठी लढा, राज्यपालांना जाब विचारा. पण आधी प्रभागरचना आयोगाला परत द्या आणि मुदत संपण्याआधी मतदान घ्या. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.