सशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मरणाऱ्या सशाचं सोंग मात्र आणता येतं. टेक्सास-ॲरिझोनाकडची चांगली धडधाकट, दाढीमिशा राखलेली माणसं ते मोठ्या हौसेने आणतात. थंडीत पहाटे उठायचं, पानाफांद्यांची नक्षी असलेले कपडे अंगावर चढवायचे, तोंडावर जाळी ओढायची, झुडपाला पाठ टेकून बसायचं आणि बोटभर शिट्टी ओठांत धरून जिवाच्या आकांताने ‘मेलो, मेलो’ करायचं. सशाच्या भाषेत. ही हाक ऐकून कोणीतरी आपल्याला खायला यावं, एवढीच अपेक्षा.

ससा तसा जन्मभर जवळजवळ मुकाच. कोणी धरलं की मगच किंचाळतो. त्यामुळे त्या किंकाळीचा रानात एकच अर्थ लावला जातो: कोणीतरी मेहनत करून ससा पकडलाय, आणि आपण वेळेत पोचलो तर तो हिसकावता येईल. कोल्हे, कोयोटी, बॉबकॅट, घुबडं, ससाणे, सगळे या एका आशेवर येतात. परदुःख शीतल असतं हे आपण ऐकून होतो. ते चविष्टही असतं हे रानात कळतं.

या विद्येचं तिथे एक घराणंच होऊन गेलं. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावच्या मर्री आणि विन्स्टन बर्नहॅम या भावांनी सशाचं ओरडणं वडिलांकडून घेतलं, तेही नुसत्या तोंडाने. मग त्यांनी शिट्ट्या विकायला सुरुवात केली. त्याच टेक्सासात वेको गावी जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या काढल्या. ज्या काळात इतर घरांत ग्रामोफोनवर गाणी लागत, त्या काळात काही शिकाऱ्यांनी तो सशाचा आक्रोश ऐकवण्यासाठी रानात नेला. आता रिमोटवर चालणारे स्पीकर आलेत. स्पीकर लांब ठेवायचा, त्याच्याशेजारी काडीवर थरथरणारं पीस लावायचं आणि आपण बाजूला बसून बटण दाबायचं. कायद्याची गंमत अशी, की हेच यंत्र बदकांसाठी लावलं तर तो अमेरिकेत गुन्हा ठरतो. बदकाला बोलवायचं तर स्वतःच्या फुप्फुसातली हवा खर्चावी लागते.

आता येणाऱ्यांचे स्वभाव बघा. कोयोटी हा लांडग्याचा तिकडचा धाकटा भाऊबंद, स्वभावाने उतावळा. यायचा असला तर बहुतेकदा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत धावत येतो. पण शेवटच्या टप्प्यात वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि नाक वर करतो. ओरडणारा ससा असून वास साबणाचा आणि कॉफीचा कसा, हा प्रश्न त्याला पडतो आणि तो आल्या पावली पसार होतो. एकदा फसलेला कोयोटी पुढे त्या शिट्टीकडे ढुंकूनही बघत नाही.

बॉबकॅटचं सगळं निराळं. सहा ते पंधरा किलोंचं, आखूड शेपटीचं, कानांवर बारीक गोंडे असलेलं हे रानमांजर. मांजर म्हटल्यावर वेळेवर येण्याचा प्रश्नच मिटला. त्याच्यासाठी अर्धा तास, पाऊण तास, कधी तासभर न थांबता ओरडत राहावं लागतं. आवाज थांबला की त्याचा रस संपतो. त्याचा भरवसा नाकापेक्षा कान-डोळ्यांवर जास्त, म्हणून ते थरथरणारं पीस. एवढं करून ते आलं तरी धाव घेत नाही. या झुडपाआडून त्या झुडपाआड सरकतं, मध्येच थांबतं आणि चक्क बसतं. समोर एक जीव मरतोय आणि हे निवांत बसून बघतंय! जाणते शिकारी सांगतात, की कंटाळून उठावं, कपडे झटकावेत, तेव्हा कुठे कळतं की मांजर केव्हाचं तिथेच बसलेलं होतं. आपलंच नाटक पहिल्या रांगेतून बघत होतं.

माझा एक भाचा ऑस्टिनला असतो. त्याच्या ऑफिसातला एक जण त्याला असाच घेऊन गेला. नंतर फोनवर म्हणाला, “मामा, तासभर सशाचं रडणं ऐकलं. मला वाटलं, आता आपणच जाऊन त्या सशाला सोडवावं.”

“मग बॉबकॅट आलं का?”

“नाही. घुबड आलं. मला नेणाऱ्याच्या टोपीवरच झडप घातली.”

यात भाच्याने पदरचं काही घातलं नसावं. सशाच्या आवाजावर घुबडाने शिकाऱ्याचं डोकं धरल्याच्या हकिकती तिकडे बऱ्याच ऐकायला मिळतात. अभिनय उत्तम वठल्याची याहून मोठी पावती कुठली?

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. फासेपारध्यांनी तित्तराला तित्तराच्याच आवाजात बोलावण्याची कला पिढ्यान् पिढ्या सांभाळली. तिच्यावर त्यांचं पोट होतं. आणि जिम कॉर्बेटने तर 30 नोव्हेंबर 1938 रोजी, सूर्य बुडता बुडता, ठाक गावच्या नरभक्षक वाघिणीला चक्क नर वाघाचा आवाज काढून बोलावलं. ती जोडीदाराच्या शोधात होती. साद-प्रतिसाद होत होत ती काही पावलांवर आली. गोळी सुटली, आणि बंदुकीच्या धक्क्याने कॉर्बेटसाहेब खडकावरून घसरून खाली बसलेल्या माणसांच्या आणि शेळ्यांच्या अंगावर पडले. मला या हकिकतीत शेळ्यांचं मत कोणी विचारलं नाही याची चुटपुट लागते. पण त्या वाघिणीने माणसं मारली होती. बॉबकॅटचा अपराध एवढाच, की त्याच्या पोटावर ठिपक्यांची मऊ लव आहे.

त्या लवेपायी तिकडे वाद पेटलेला आहे. कॅलिफोर्नियाने 2019 साली कायदा करून बॉबकॅटच्या शिकारीला लगाम घातला. कोलोरॅडोत 2024 साली बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुका भिंतीवर टांगल्या गेल्या, त्याला अर्धं शतक उलटलं. मला विचाराल तर बॉबकॅटला इतक्या खटपटीने बोलावून, ते समोर येऊन बसल्यावर गोळी घालणं हा पाहुणचार नव्हे. बघायला आलेल्याला बघू द्यावं.

पण फार नाक वर करायला आपल्याला जागा नाही. बंदुका गेल्या, सोंग राहिलं. सह्याद्रीत रविवारी सकाळी पक्षीनिरीक्षणाला गेलं की कोणाच्या तरी खिशातून छोटा स्पीकर निघतो आणि नवरंग नाहीतर पिंगळा बोलू लागतो. अभ्यासाला हे कधी लागतं, कबूल. 1997 साली शहाद्याजवळ वनपिंगळा पुन्हा सापडला, त्यानंतरच्या पाहण्यांत त्याचा आवाज ऐकवून त्याला हुडकावं लागलं. पण फोटोसाठी बोलावलेला नर विणीच्या दिवसांत घरटं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो, फांदीवर नाचतो, दमतो. तेवढ्यात घरट्यातली पिल्लं उपाशी राहतात आणि आपण ‘काय पोझ दिली!’ म्हणून खूश होतो. बॉबकॅट निदान संशयाने बघतं. नवरंग बिचारा आपल्यावर सरळ विश्वास ठेवतो.

तेव्हा पुढच्या खेपेला पक्षी बघायला जाल, तर दुर्बीण घ्या, पोह्यांचा डबा घ्या, टोपी घ्या. स्पीकर तेवढा घरी ठेवा.