पावती जीवशास्त्राच्या नावावर

दहावीचा निकाल लागला की मथळा ठरलेला: यंदाही मुलींचीच बाजी. पेढे वाटून होतात. मग अकरावीच्या प्रवेशाचा विषय निघतो आणि कुणीतरी काका म्हणतात, इंजिनिअरिंग झेपेल का तिला? मुलींचा मेंदू वेगळा असतो.

पेढ्यांपासून प्रवेशापर्यंत मेंदू बदलला?

फरक असतात, नाकारायचं कशाला? आकृती मनातल्या मनात फिरवून ओळखायच्या चाचणीत पुरुषांची सरासरी वर असते, लेखनात बायकांची. पण प्रवेशाचा अर्ज सरासरी भरत नाही. मुलगी भरते.

1933 साली मुंबई विद्यापीठात पहिली आलेली कमला भागवत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या दारात उभी राहिली. लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला. ती हटली नाही, तेव्हा अटी घालून घेतलं: पहिलं वर्ष कच्चा प्रवेश, आणि तिच्यामुळे वातावरण बिघडता कामा नये. वर्षभरात तिचं काम पाहून रामन यांनी प्रवेश पक्का केला, पुढे इतर मुलींनाही घेतलं. 1939 मध्ये तिने केंब्रिजची पीएचडी मिळवली. आपण तिला कमला सोहोनी म्हणून ओळखतो.

त्या वर्षात बदललं ते रामन यांचं मत. बायकांचा मेंदू होता तसाच होता.

अमेरिकेत 1984 च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत 37 टक्के मुली होत्या. पंचवीसेक वर्षांत त्या 18 टक्क्यांवर आल्या. गुणसूत्रं इतक्या घाईने बदलत नाहीत. घरातला कॉम्प्युटर मात्र मुलाच्या खोलीत गेला होता.

आपल्या आयआयटींत मुली दहा टक्क्यांच्याही आत अडकल्या होत्या. 2018 पासून मुलग्यांची एकही जागा न कापता त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या. 2020 पर्यंत प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेलं. या मुली जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास होऊनच आल्या. आधी कुठे होत्या?

घरी. क्लास रात्री नऊला सुटतो, गावाकडची शेवटची एसटी त्याआधीच जाते. भावाला बाइक मिळते, हिला ‘अंधार पडायच्या आत ये’. पावती मात्र जीवशास्त्राच्या नावावर फाडायची.

ओळखीतलंच एक घर. ताईला गणितात नव्वदच्या वर, धाकट्याला जेमतेम साठ. जेईईच्या क्लाससाठी कोट्याला कुणाला पाठवलं, सांगायला हवं?