बिल्ल्यावरचा 'ये'

आमच्या नगरच्या एका खासगी दवाखान्यात नव्या सिस्टर रुजू झाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना गणवेश मिळाला आणि सल्ला मिळाला. गणवेश जरा सैल होता. सल्ला मात्र मापाचा: बिल्ल्यावर 'आयेशा' नको, 'आशा' लिहू. आडनाव गाळू. "आमचं काही नाही हो सिस्टर, पेशंटचे नातेवाईक विचारतात." 'आमचं काही नाही' म्हणणाऱ्यांचंच सगळं असतं, हे तुम्हाला काय सांगायचं!

आयेशातला 'ये' उडवला की आशा उरते. म्हणजे नोकरीला या म्हणायचं आणि नावातल्या 'ये'ला दाराबाहेर उभं करायचं. आमच्या अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलायचं तर मंत्रिमंडळाचा निर्णय लागला, केंद्राची मंजुरी लागली, २०२४ उजाडलं. इथे एका मार्करपेनमध्ये काम झालं.

परवा पाथर्डीकडचे एक आजोबा भरती झाले. शीर सापडेना. दोघांनी टोचटोचून हात निळा केला. मग आशा सिस्टरने (बघा, मलाही सवय लागली) रबरी पट्टी आवळली, दोन टिचक्या मारल्या आणि पहिल्या झटक्यात सुई आत. "हात लई हलका हाय गं बाई तुझा," आजोबा म्हणाले. मुलगा चौकस. "सिस्टर, राहायला कुठं?" "मुकुंदनगर." मुस्लिम वस्तीचं नाव ऐकून त्याचा चेहरा असा उतरला की सलाईन त्यालाच लावावी. तासाभरात काउंटरवर विनंती: दुसऱ्या सिस्टर द्या. आणि त्याच वेळी आजोबांना रक्त चढत होतं! त्या पिशवीवर रक्तगट असतो, क्रमांक असतो, मुदतीची तारीख असते. दात्याचं नाव नसतं. मौलवीने दिलं की महंताने, देव जाणे. ते बापाच्या काळजातून फिरून आलं तरी चालतं, पण सुई टोचणारा हात कुठल्या मोहल्ल्यातला याची चौकशी हवी! बरं, मुलाचं एक वेळ सोडा, आजारी बापाच्या उशाशी माणूस काहीही बरळतो. चीड येते ती मान डोलावून लगेच ड्यूटी बदलणाऱ्याची. तीन वर्षं जीएनएम करा, रात्रपाळ्या काढा, आणि मग स्पेशल रूममधून जनरल वॉर्डात जा, कारण तिथले नातेवाईक 'विचारत नाहीत'. विचारतील कशाला, बिलच तेवढं नसतं! सिस्टरच्या डोक्यावर स्कार्फही नको, त्याने म्हणे जंतू पसरतात. ऑपरेशन थिएटरात मात्र डोकं झाकल्याशिवाय सर्जनलाही आत सोडत नाहीत. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करू देत नाही. खासगी दवाखान्याच्या पायरीशी ते बिचारं चपला काढून बाकावर बसतं, नंबर पुकारायची वाट बघत.

गेल्या आठवड्यात चार्टवर एका औषधाची नोंद अर्धा तास उशिरा झाली. मेमो निघाला. सिस्टरनी दाखवला. छापील, सही-शिक्क्यासह, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. 'ये' जागच्या जागी.