मुलगी हरवलीय, पत्ते वाटा

गेराल्ट नावाच्या गृहस्थाची मानलेली मुलगी हरवली आहे. तिच्या मागावर भुतांची फौज आहे, राज्याराज्यांत युद्ध पेटलंय, आणि हे महाशय खानावळीत बसून पत्ते कुटतायत. ‘द विचर ३’ हा पोलंडमधल्या कंपनीने २०१५ साली काढलेला व्हिडिओ गेम. त्यात राक्षस, जंगलं, राजवाडे असं पुष्कळ काही आहे म्हणे. मी पाहिलेलं नाही. बेंगळुरूला लेकाकडे आलं की दुपार खायला उठते. नातवाने ‘आजोबा, तुम्हाला पत्ते आवडतात ना?’ म्हणत कंट्रोलर हातात दिला, आणि व्हाइट ऑर्चर्ड गावातल्या पहिल्याच खानावळीत मी जो बसलो तो बसलोच. तिथला एक विद्वान ग्वेंट नावाचा डाव शिकवतो.

आता पत्त्यांत आम्हाला कोणी शिकवावं? जन्म सावंतवाडीचा. तिथल्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, दशावतारी संच १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा रंग. त्यात काही रंगांत दश्शी मोठी, तर काहींत एक्का. ज्याने हे पचवलंय त्याला ग्वेंट म्हणजे बेरजेचं गणित. पुढे तलवारवाले, मधे तिरंदाज, मागे दगड फेकणारी यंत्रं. ज्याच्या पत्त्यांची बेरीज मोठी त्याचा डाव. तीनातले दोन जिंकायचे.

मुसळधार पावसाचा पत्ता पडला की मागच्या रांगेतल्या यंत्रांची ताकद एकेकावर येते. नातू समजावू लागला. म्हटलं, राहू दे बाबा, गॅलरीतून आउटर रिंग रोड दिसतो मला.

हेराची गंमत तर आणखी न्यारी. हा पत्ता आपण समोरच्याच्या बाजूला टाकायचा. त्याची बेरीज वाढते, पण आपल्याला गठ्ठ्यातून दोन पत्ते मिळतात. आपला माणूस वाजतगाजत पलीकडच्या पक्षात धाडायचा आणि मागच्या दाराने फायदा उपटायचा! पोलंडच्या लोकांना हे कुठून सुचलं कोण जाणे. आपल्याकडे निवडणूक संपेपर्यंतही कोणी थांबत नाही.

खरी मेख पुढेच आहे. सुरुवातीला दहा पत्ते मिळतात, त्यातले दोन बदलता येतात. त्यानंतर वाढपी पंगतीत सहसा फिरकत नाही. हेर नसेल तर त्यातच तिन्ही डाव भागवायचे. म्हणून जाणता खेळाडू पहिला डाव बिनदिक्कत हरतो. थोडं चिडवायचं, समोरच्याला चेव आणायचा, त्याची भारी पानं बाहेर काढायची आणि ऐन रंगात पास म्हणायचं. आमची हयात मेंढीकोटात गेली. तिथे हात सोडणं म्हणजे घर विकणं. भिडू आमची हीच. दश्शी गेली तर रात्री आमटीत मीठ नसे.

‘बेडा आजोबा, पास!’ नातवाचं मराठी हे असं, अर्धं कन्नड.

‘अरे, पण मी आठांनी मागे आहे.’

‘म्हणूनच पास!’

केला पास. समोरच्या व्यापाऱ्याला कळेना थांबावं कुठे. जिंकलेल्या डावात त्याने आणखी दोन बलदंड वीर ओतले. पुढचे दोन्ही डाव मी असे घेतले की सोफ्यावरून उठून मांडी ठोकली.

मग पत्ते जमवायचा नाद लागला. खानावळवाले ते विकतात, व्यापाऱ्यांना हरवलं की त्यांच्याकडून मिळतात. परवा नातू शाळेतून आला तर गेराल्टची थैली रिकामी, तलवार बोथट, आणि गठ्ठा मात्र भरगच्च. पोर थेट स्वयंपाकघरात फिर्याद घेऊन गेलं.

‘आजी, आजोबांनी सगळे पैसे पत्त्यांत घालवले!’

हिने तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, ‘हेर किती मिळाले?’