कवळीचे जाणकार

आमच्या कट्ट्यावरच्या अप्पांचे अकरा दात गेलेत. उरलेल्यांवर त्यांचा स्वतःचाही फारसा भरवसा नाही, पण त्यांच्या दंतज्ञानावर सगळ्या कट्ट्याचा आहे. दाढ ठणकली की माणूस आधी लवंग शोधतो, मग अप्पांना, आणि अगदीच नाइलाज झाला तर डॉक्टरांना.

अप्पा मोबाइलचा टॉर्च मारून आत डोकावतात. "एकच गेलीय? ब्रिज करतील. पण शेजारचे दोन धडधाकट दात घासून त्यांच्यावर टोप्या चढवणार. गेली ती सुटली, शिक्षा शेजाऱ्यांना! नाहीतर तारेची कवळी घ्या. काढा-घाला, स्वस्तात काम. फक्त हसताना ओठ मिटून हसा."

मग ते इम्प्लांटकडे वळतात आणि आवाज एक पट्टी वर जातो. स्वीडनच्या ब्रोनेमार्कने सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली, ती हाडाने अशी धरली की निघेचना. मग १९६५ साली माणसाच्या जबड्यात स्क्रू बसले. हे अप्पा अशा अभिमानाने सांगतात, की ससा यांनीच पुरवला असावा. "हाडाने स्क्रू धरायला तीन ते सहा महिने. शुगर किती तुमची? मग आधी ती खाली आणा." कुणी जॉर्ज वॉशिंग्टनच्या लाकडी कवळीचा विषय काढला तर मात्र संपलंच. "लाकूडबिकूड थाप आहे. पाणघोड्याचे दात होते तिच्यात, आणि माणसांचेसुद्धा!"

एवढं ठाऊक असून अप्पा स्वतः दुधात कुस्करलेली पोळी खातात. पिशवीत चार डॉक्टरांची खर्चाची पत्रकं आहेत. ब्रिज नको, कारण दात घासायचे. तारेची नको, कारण तार दिसते. इम्प्लांटच्या पैशांत गावच्या घरावर नवे पत्रे पडतात. पूर्ण कवळी करायची तर उरलेले काढावे लागतील, आणि ते "अजून नोकरीत आहेत".

अप्पांच्या घरच्या काकूंनी यातलं काहीच वाचलं नाही. त्यांनी हलणारे दात काढून घेतले, हिरड्या भरून येईपर्यंत मऊ भात खाल्ला, माप दिलं. वरची कवळी लाळेच्या जोरावर टाळूला चिकटून बसली. खालचीला जीभ सारखी ढकलायची. टोचायची तिथे डॉक्टरांकडून घासून आणली. उच्चार बसावेत म्हणून रोज अग्रलेख मोठ्याने वाचला. (तो पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत वाचला असेल.) रात्री कवळी साध्या पाण्यात ठेवतात, आणि चिक्की सोडली तर सगळं खातात. भाकरीसुद्धा, लहान तुकडे करून, दोन्ही बाजूंनी चावत.

मागच्या महिन्यात अप्पा इम्प्लांटला एकदाचे तयार झाले. डॉक्टर म्हणाले, दात गेलेल्या जागचं हाड इतक्या वर्षांत झिजलंय. आधी तिथे हाडाची भर घालावी लागेल. आम्हाला वाटलं, अप्पा खचतील. संध्याकाळी कट्ट्यावर आले ते नवी फाईल घेऊनच. "भर चार प्रकारची असते," त्यांनी बसता बसता सुरू केलं, "स्वतःच्या हाडाची, दुसऱ्या माणसाच्या, जनावराच्या आणि कृत्रिम. आता प्रत्येकीचे तोटे ऐका."

तुमची दाढ गेली असेल तर जरूर या, अप्पा साडेपाचपासून कट्ट्यावर असतात. डॉक्टरांचा पत्ता मात्र काकूंकडून घ्या.