कानमंत्र : युद्धातली जीप सजवणाऱ्या नवशिक्यांसाठी

हेडफोन घेण्याआधी जीपच्या जाळीतल्या फटी मोजा. नऊ भरल्या तर गाडी विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. सात भरल्या आणि बॉनेट उंच असलं तर ती सीजे-३बी. हे मॉडेल विलीजने १९५३ साली काढलं, आणि महिंद्राने आपल्याकडे ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. तिच्यावर १९४४चा हेडसेट चढवायला हरकत नाही, बोरिवलीत कोणी फटी मोजत बसत नाही. फक्त मोजणारा भेटला तर वाद घालू नका.

मग फौज ठरवा. जीप अमेरिकन रंगवली असेल तर एचएस-३० हेडसेट आणि टी-१७ हातमाइक. एचएस-३० हेल्मेटखाली मावावा म्हणून हलका केलेला, त्याची रबरी बोंडं थेट कानात जातात. बोंडं नवी घ्या. दुसऱ्याच्या कानातला मळ कितीही ऐतिहासिक असला तरी मळच.

मराठा पलटणीची इटलीतली जीप करायची असेल (यशवंत घाडग्यांच्या, नामदेव जाधवांच्या व्हिक्टोरिया क्रॉसनंतर ही हौस कुणाला नसेल?) तर अमेरिकन माल बाद. १९ नंबरच्या ब्रिटिश वायरलेस सेटचा हेडसेट शोधा. हातमाइक त्याच वायरीवर, आणि जोडणीला पाच पिनांचा प्लग, झटका दिला की सुटणारा. हा सेट रणगाड्यांतही असायचा; रणगाडा पेटला तर माणूस वायरीत अडकू नये, ही त्यामागची सोय. मुलुंडमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगकडे येताना दिसले की ती कामी येते. या सेटच्या काही पॅनेलांवर रशियन अक्षरंही असतात, कारण ते सोव्हिएत फौजेलाही गेले होते. चोरबाजारात ‘केजीबीचा माल’ म्हणून जास्त पैसे मागतील. देऊ नका.

टी-१७च्या पोटात कार्बनचे कण असतात. दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि आवाज बसतो. जुलैत माइक तळहातावर अधूनमधून ठोका. सेटवरून खरंच बोलायचं असेल तर आधी परवाना.

गणपतीत मंडळाचा कार्यकर्ता टी-१७ मागायला येईलच. खुशाल द्या. माइकचा प्लग ०.२०६ इंची, मिक्सरचं भोक पाव इंची. जुगाड करून बसवलाच, तरी कार्बन माइकला बाहेरून विजेचा प्रवाह लागतो, तो मिक्सर देत नाही. नगरसेवकांचं भाषण छान पार पडेल.